लिहून देणार कोण? : यंत्ररचित मजकूर आणि दैनंदिन संज्ञापन

१

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रचल्या जाणाऱ्या मजकुराची चर्चा मराठीत आजवर प्रामुख्याने दोन कल्पनांच्या आधाराने झाली आहे : स्वतंत्र निर्मिती आणि वाङ्मयचौर्य. यंत्र कविता लिहू शकेल काय, कथालेखकाचे स्थान धोक्यात येईल काय, विद्यार्थ्याने सादर केलेला प्रबंध त्याचा मानावा काय, असे प्रश्न या चर्चेच्या केंद्रस्थानी राहिले. ते निरर्थक नाहीत. परंतु यंत्ररचित भाषा ज्या क्षेत्रात सर्वांत सहजपणे शिरली ते क्षेत्र साहित्याचे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले. जुलै २०२३ मध्ये गूगलचे 'बार्ड' मराठीसह नऊ भारतीय भाषांत उत्तरे देऊ लागले. जून २०२४ मध्ये त्याच्याच 'जेमिनी' या नव्या अवताराचे भ्रमणध्वनीवरील रूप भारतात मराठीसह उपलब्ध झाले. तेव्हापासून रजेचा अर्ज, तलाठ्याकडची तक्रार, संस्थेचा वार्षिक अहवाल, निरोप-समारंभाचे भाषण, वाढदिवसाच्या शुभेच्छा, माफीचा संदेश आणि सांत्वनाचे चार शब्द हे सारे प्रकार यंत्राच्या कक्षेत आले. वाङ्मयविचाराने या प्रकारांना क्वचितच जागा दिली होती. त्यामुळे त्यांच्यात घडणाऱ्या बदलाचे वर्णन करण्यासाठी लागणारी परिभाषाही समीक्षेच्या हाताशी नाही.

मराठी दस्तऐवजांची भाषा मात्र या बाबतीत समीक्षेपेक्षा अधिक नेमकी आहे. खरेदीखतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष असतात. प्रत्यक्ष मसुदा तिसऱ्याच कोणाच्या हातचा, म्हणजे दस्तलेखकाचा असतो. 'लिहून देणार' निरक्षर असला तरी चालतो. त्याचा अंगठा पुरतो. परंतु अंगठा उमटण्यापूर्वी मजकूर त्याला वाचून दाखवावा लागतो आणि तो समजला, मान्य आहे असे त्याला म्हणावे लागते. अक्षर कोणाचे, शब्दयोजना कोणाची, हे प्रश्न तेथे गौण ठरतात. मजकुराला बांधील कोण, हा एकच प्रश्न निर्णायक असतो. दैनंदिन संज्ञापनातील यंत्रलेखनाच्या उपयोगाची आणि दुरुपयोगाची सीमारेषा याच प्रश्नाने आखता येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विवेचनासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील उदाहरणे घेतली आहेत. पत्र, लेखनिक आणि स्वाक्षरी यांच्या परस्परसंबंधाचे वेगवेगळे नमुने या एका जिल्ह्याच्या इतिहासात आणि आख्यायिकांत एकत्र सापडतात, हे त्याचे कारण.

२

राहाता तालुक्यातील गोदाकाठचे पुणतांबे चांगदेवांच्या समाधीमुळे ओळखले जाते. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पाठवलेल्या कोऱ्या पत्राची कथा संतचरित्रांच्या परंपरेत सर्वतोमुखी आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेल्या या सिद्धपुरुषाला एका बालयोग्याला पत्र लिहायचे होते आणि त्याची लेखणी मायन्यापाशीच अडली. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाधिकार मोठा. 'तीर्थरूप' लिहावे, तर वय कोवळे. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी कोराच कागद धाडला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहेत.

या कथेचा आध्यात्मिक अर्थ बाजूस ठेवला तरी तिच्यात संज्ञापनविषयक एक मार्मिक निरीक्षण उरते. पत्रातील सर्वांत साचेबंद भाग मायना. आणि तोच येथे सर्वांत अवघड ठरला आहे. 'मायना' हा शब्द अरबीतील 'अर्थ' या अर्थाच्या शब्दापासून मराठीत आला, हेही लक्षणीय आहे. तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप यांतील एका अक्षराच्या फरकाने जन्मदाता पिता आणि पित्यासमान व्यक्ती वेगळ्या होतात. कोणत्या नात्याला कोणता मायना, हे सांगणारी पुस्तके होती. परंपरेने हेमाद्रीच्या नावाशी जोडलेले 'मेस्तक' हे त्यांतले जुने. पण मायन्यांची यादी उपलब्ध असली तरी समोरच्या माणसाशी स्वतःचे नाते काय, हा निवाडा लिहिणाऱ्यालाच करावा लागे. चांगदेवांना शब्दांची वाण नव्हती. नात्याचा निवाडा होत नव्हता, म्हणून कागद कोरा राहिला, आणि कोरा राहिल्यामुळेच तो खरे बोलला.

यंत्राला कोरा कागद पाठवता येत नाही. भाषेची ही प्रतिमाने अफाट लिखित सामग्रीवरून शब्दांच्या साहचर्याची संभाव्यता शिकतात आणि दिलेल्या संदर्भात पुढे कोणता शब्दांश येणे संभवनीय, हे ठरवत मजकूर वाढवीत नेतात. त्यामुळे अडखळणे हा त्यांच्या रचनेचा भाग होत नाही. 'सासऱ्यांना माफीचे पत्र लिहून दे' असे सांगितले, की क्षणार्धात पत्र तयार होते. अपराध कोणता, तो कितपत स्वतःचा, सासऱ्यांशी बोलणे किती वर्षे बंद आहे, यांपैकी काहीही न सांगता ते तयार होते. ज्या अडखळण्यात नात्याचा विचार घडला असता ते अडखळणेच वगळले जाते. यंत्ररचित पत्रांचा पहिला दोष त्यांच्या भाषेत शोधण्याची प्रथा आहे. तो या वगळलेल्या क्षणात शोधला पाहिजे.

भाषेतही तो उमटतोच. इंग्रजी पत्रव्यवहाराचे साचे मराठी शब्दांत अवतरलेले अशा मजकुरात वारंवार आढळतात : पत्र मिळेल तेव्हा वाचणारा सुखरूप असेल अशी आरंभीची आशा, कठीण काळात 'माझे विचार तुमच्यासोबत आहेत' असे आश्वासन, आणि कोणत्याही नात्याला सारखाच लागू पडणारा 'प्रिय'. मराठी माणूस दुःखाच्या घरी विचार पाठवीत नाही. तो जाऊन बसतो, पुष्कळदा काही न बोलता बसतो. पत्रांच्या काळात अशुभ वार्तेचे कार्ड वाचून फाडून टाकीत आणि लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावीत. मजकूर वाचण्यापूर्वीच कागद बोलत असे. इंग्रजी सौजन्याची ही भाषांतरित नाणी चुकीची नाहीत. ती या बाजारात चलनात नाहीत, एवढेच.

३

येथे एक आक्षेप संभवतो. दुसऱ्याच्या हातून आणि दुसऱ्याच्या शब्दांत लिहून घेणे ही मराठी समाजाला नवी गोष्ट नाही. मग यंत्रालाच दोष का द्यावा? हा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे, कारण त्यातील पहिले विधान खरे आहे.

मोडीतील सरकारी पत्रांचा मजकूर कारकुनाच्या हातचा असे. वर शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटे. मोर्तबाने मजकुराची मर्यादा बांधली जाई. 'बहुत काय लिहिणे' हे सांगता-वाक्य हजारो पत्रांच्या शेवटी येते. अधिक लिहिण्याची गरज नाही इतका परस्परांत विश्वास आहे, हा भाव तयार वाक्यातूनच व्यक्त होई. खेड्यात कोणी लिहिता-वाचता माणूस इतरांची पत्रे लिहून देई. कचेरीबाहेर अर्जनवीस बसे. तेव्हा उसनी भाषा म्हणजे खोटी भाषा, असे समीकरण मांडता येत नाही.

परंतु या परंपरेत लेखनिकाचे स्थान काय होते, हे पाहिले पाहिजे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. तिच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा उल्लेख 'लेखक' म्हणून येतो. आज ज्या अर्थाने हा शब्द वापरला जातो तो अर्थ तेथे नाही. लेखक म्हणजे लिहून घेणारा, लेखनिक. निरूपण ज्ञानदेवांचे, अक्षर सच्चिदानंदबाबांचे, आणि दोघांच्या भूमिका ग्रंथातच वेगळ्या नोंदवलेल्या. लेखनिक हा येथे प्रथम श्रोता आहे. सांगितलेले ऐकणे आणि ऐकलेले उतरवणे, हा त्याचा क्रम आहे. अर्जनवीसही पक्षकाराला आधी विचारतो : जमीन कोणाच्या नावे, बांध कोणी फोडला, साक्षीला कोण होते? शब्द त्याचे, पण हकिकत पक्षकाराची.

यंत्राच्या बाबतीत हा क्रम उलटतो. त्याला हकिकत दिली तर ते लेखनिकाचे काम करू शकते, आणि पुष्कळदा उत्तम करते. पण हकिकत दिली नाही तरीही ते थांबत नाही. न सांगितलेले सांगितल्यासारखे लिहून देते. लेखनिक सांगितलेल्याला भाषा देतो. यंत्र भाषेच्या ओघात सांगितलेलेही निर्माण करते. उसन्या शब्दांपासून उसन्या आशयापर्यंतची ही पायरी वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही प्रसंगी हाती येणारा मजकूर सारखाच सुबक असतो.

राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) गावचे कुलकर्णी होते. लेखन हा त्यांचा वतनी व्यवसाय. पूजेतून उठवून कचेरीच्या कामाला बोलावले गेले तेव्हा त्यांनी ते काम पुरे केले आणि यापुढे लेखणी संतचरित्रांखेरीज कशासाठीही चालवायची नाही असा निश्चय केला, असे परंपरा सांगते. या कथेत चाकरीचे लेखन निंद्य ठरवलेले नाही. हातातले काम पुरे केल्याचा तपशील त्यासाठीच आला असावा. चाकरीचे लेखन आणि स्वतःच्या शब्दाला बांधून घेणारे लेखन एकाच लेखणीने केले तरी एक नव्हे, एवढी जाणीव मात्र तीत स्पष्ट आहे.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील साहित्यसिद्धान्ताने लेखकाच्या अधिकाराला आव्हान दिले. रोलाँ बार्तने १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'लेखकाचा मृत्यू' घोषित केला आणि अर्थाची सत्ता वाचकाकडे सोपवली. यंत्ररचित मजकुराच्या समर्थनार्थ आज या सिद्धान्ताचा आधार घेतला जातो : लेखक नसलेली संहिता प्रत्यक्षात आली, तर तक्रार कशाची? हा आधार फसवा आहे. मिशेल फूको याने १९६९ मधील 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात एक भेद स्पष्ट केला होता : खासगी पत्राला स्वाक्षरी करणारा असतो, करारनाम्याला जामीन असतो, पण त्यांना 'लेखक' नसतो. लेखक ही संकल्पना विशिष्ट प्रकारच्या संहितांशी निगडित आहे. जेथे मुळात लेखक नव्हताच तेथे त्याच्या मृत्यूने काही सिद्ध होत नाही. दैनंदिन संज्ञापनात प्रश्न उरतो तो स्वाक्षरी करणाऱ्याचा. तो मेला तर पत्रच उरत नाही. उरतो तो निव्वळ मजकूर.

या ठिकाणी न्यायदर्शनाची चर्चा अधिक उपयोगी पडते. नैयायिकांच्या मते शब्द हे प्रमाण आहे, परंतु आप्ताचा शब्द. वात्स्यायनाच्या विवरणानुसार आप्त म्हणजे विषयाचे साक्षात ज्ञान असलेला आणि जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा बाळगून बोलणारा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो सांगतो. म्हणजे आप्तत्व प्रतिष्ठेवर किंवा भाषेच्या शुद्धतेवर अवलंबून नाही. जाणणे आणि सांगू इच्छिणे या दोन गोष्टींवर आहे. मीमांसकांनी याच्या उलट बाजूने विचार केला : वेदाला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत, अपौरुषेयत्व हेच त्याच्या प्रामाण्याचे कारण. यंत्राच्या उत्तराकडे पाहण्याची आजची लोकदृष्टी नकळत मीमांसकाची झाली आहे. ते कोणा एकाचे मत नसल्यामुळे निःपक्षपाती, आणि म्हणून खरे, असे गृहीत धरले जाते. पण मीमांसकाने अपौरुषेयत्व सिद्ध करण्यासाठी जो तर्काचा डोलारा उभारला, त्याचा येथे मागमूस नाही. यंत्राची भाषा माणसांच्याच लिखाणातून घडली आहे. कर्त्याचे नाव पुसले गेल्याने कर्त्यांचे दोष पुसले जात नाहीत.

२०२१ मध्ये एमिली बेंडर, टिम्नित गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भाषाप्रतिमानांना संभाव्यतेने बोलणाऱ्या पोपटांची उपमा दिली आणि ती जगभर गाजली. भारतीय तर्कशास्त्राला हा पोपट अपरिचित नव्हता. वाक्यार्थबोधासाठी वक्त्याचे तात्पर्य कळणे आवश्यक असेल, तर पोपटाने उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ कसा कळतो, ही अडचण विश्वनाथ न्यायपंचाननाच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त चर्चिली आहे. पोपटाचे वाक्य वस्तुस्थितीशी जुळत असेल तर तेथे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि जुळत नसेल तर पोपटाला शिकवणाऱ्याचे, असे समाधान तेथे दिले आहे. ईश्वराचा भाग बाजूस ठेवला तरी दुसरा भाग आजच्या प्रश्नाला थेट भिडतो : पोपटाचे बोलणे खोटे निघाले की शोध शिकवणाऱ्याचा घ्यायचा. पोपट जबाबदार नाही म्हणून कोणीच जबाबदार नाही, असा निष्कर्ष नैयायिकाने काढला नाही.

मराठी भाषेने हाच विचार आपल्या वाक्प्रचारांत साठवला आहे. शब्द दिला जातो, पाळला जातो, फिरवला जातो, खाली पडू दिला जात नाही. कोणी कोणासाठी शब्द टाकतो, कोणी शब्दाला जागतो. या सर्व प्रयोगांत शब्द ही गहाण ठेवलेली पत आहे. यंत्र शब्द लिहू शकते. शब्द देऊ शकत नाही. देणारा कोणी माणूसच असावा लागतो, आणि त्याने काय दिले हे त्याला ठाऊक असावे लागते.

५

या कसोटीने पाहता यंत्रलेखनाचा एक मोठा उपयोग निःसंशय न्याय्य ठरतो. कार्यालयीन मराठी ही सामान्य मराठी भाषकाची भाषा कधीच नव्हती. 'उपरोक्त विषयास अनुसरून' या तीन शब्दांपाशी अनेकांचे अर्ज थबकले. अकोल्याच्या डोंगराळ भागातील किंवा पारनेरच्या कोरडवाहू पट्ट्यातील शेतकऱ्याला पीकनुकसानीची हकिकत तंतोतंत माहीत असते. ती अर्जाच्या साच्यात बसवता येत नाही म्हणून त्याला कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. तो शेतकरी वात्स्यायनाच्या अर्थाने आप्त आहे : त्याने पाहिले आहे आणि तो सांगू इच्छितो. यंत्राने त्याच्या सांगण्याला कचेरीचा पोशाख दिला, तर त्यात फसवणूक नाही. जून १८४२ मध्ये ज्या नगरमधून 'ज्ञानोदय' निघू लागला, ज्या नगरमध्ये सिंथिया फरार यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले आणि ज्यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण झाले, त्या नगरच्या इतिहासाला लेखनापासून वंचित ठेवलेल्यांच्या हाती लेखणी येण्याचे मोल सांगावे लागत नाही. १८५५ मध्ये त्याच 'ज्ञानोदया'त पुण्यातील फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. स्वतःच्या समाजाचे दुःख स्वतःच्या स्वाक्षरीने लिहून देणे, ही तेथे घडलेली मूळ घटना होती.

परंतु याच इतिहासातून एक इशाराही मिळतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ नगर आणि राहुरी येथे गेला. रीतसर शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून क्रमाने पुस्तकरूपाने आले. त्या गद्याचे सामर्थ्य त्याच्या बोलीत, वाक्यांच्या अनपेक्षित वळणांत आणि स्वतःच्या फजितीकडे पाहण्याच्या निर्मळ विनोदात आहे, याविषयी मराठी समीक्षेत दुमत नाही. असे एखादे हस्तलिखित 'सुधारून दे' या आज्ञेसह यंत्राकडे सोपवले तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. यंत्राचा कल संभवनीयाकडे असतो, आणि लक्ष्मीबाईंचे वाक्य प्रायः असंभवनीय असते. प्रत्येक खाचखळगा बुजेल, प्रत्येक वाक्य निर्दोष होईल, आणि लिहून देणारी बाई नाहीशी होईल. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी गूगलने एक जाहिरात दाखवली. तीत एक पिता आपल्या लहान मुलीचे आवडत्या धावपटूला लिहायचे पत्र यंत्राकडून लिहवून घेतो. टीका इतकी झाली की ती जाहिरात दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणातून काढून घ्यावी लागली. मुलीच्या वेड्यावाकड्या वाक्यांत जे होते ते सुबक पत्रात उरणार नाही, हे सामान्य प्रेक्षकालाही कळले होते.

अर्ज आणि पत्र यांत अशा प्रकारे भेद करावा लागतो. अर्जात माणूस साच्याच्या आडून हकिकत सांगतो. तेथे साचा उसना असला तरी हरकत नाही. पत्रात माणूस स्वतःला सांगतो. तेथे उसना साचा सांगणाऱ्यालाच झाकून टाकतो.

६

दुरुपयोगाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला, न वाचता सही करण्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. यंत्रप्रणालीने पुरवलेले निष्कर्ष पडताळून पाहिल्याशिवाय वापरू नयेत, असेही न्यायालयाने बजावले. आदेशावर नाव होते, अधिकार होता. 'वाचून पाहिले' ही पायरी मात्र गाळली गेली होती. जे कचेरीत घडते ते घरगुती व्यवहारातही घडते, फक्त तेथे न्यायालय नसते. एकाने यंत्राकडून लांबलचक संदेश लिहून घ्यावा, दुसऱ्याने तो यंत्राकडूनच संक्षिप्त करून घ्यावा आणि उत्तरही यंत्रानेच द्यावे, अशा साखळीत दोन माणसे बोलली असे म्हणणे कठीण आहे. तेथे दोन स्वाक्षऱ्या आहेत. लिहून देणारा आणि लिहून घेणारा दोघेही गैरहजर आहेत.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात गोळीबार होऊन विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारे पत्र पाठवले आणि ते 'चॅटजीपीटी'च्या आधारे लिहिल्याचे पत्राच्या तळाशी प्रामाणिकपणे नमूद केले. विद्यार्थ्यांचा संताप झाला आणि कार्यालयाला क्षमा मागावी लागली. यंत्राच्या वापराची जाहीर कबुली दिली की नैतिक प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. येथे कबुली होती, मजकुरात चूक नव्हती, आणि पत्र धाडणाऱ्यांना दुःख झालेच नव्हते असे म्हणण्यासही आधार नाही. जे. एल. ऑस्टिनच्या उच्चारकृतीच्या विवेचनात, भाव मनात नसताना केलेले सांत्वन घडते खरे, पण पोकळ असते. तो त्या कृतीचा दुरुपयोग होय. या घटनेला तेही वर्णन पुरत नाही. भाव असूनही सांत्वन पोकळ ठरले, कारण सांत्वनात दिली जाणारी वस्तू भावाची माहिती नसते. दुसऱ्याच्या दुःखासमोर काही काळ शब्दांवाचून उभे राहिल्याची ती खूण असते. ते उभे राहणे दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.

यावर उपाय म्हणून यंत्ररचित मजकूर ओळखणाऱ्या यंत्रांकडे पाहिले जाते. 'चॅटजीपीटी'च्या निर्मात्यांनी स्वतःच तयार केलेले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. अशी साधने परभाषक लेखकांचे अस्सल इंग्रजी लेखन यंत्राचे ठरवतात, असेही त्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसून आले. संशयाची ही हवा पसरली की पहिला बळी जातो तो परिश्रमाने सुघड लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा. मजकुरावरून लिहिणारा हुडकण्याचा हा मार्ग चुकीचाच आहे, कारण प्रश्न लिहिणाऱ्याचा नसून लिहून देणाऱ्याचा आहे. त्याला विचारता येते. अर्जातील हकिकत तो तोंडी सांगू शकतो काय, पत्रातील वाक्याला तो धरून राहतो काय, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

७

९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेल्या काँग्रेस नेत्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद होते. तेथे त्यांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. ती पाठवता येणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ती 'गुबार-ए-ख़ातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. तेव्हा लिहिलेल्या पत्रात, त्या दिवसांत आपण बाहेरून टिकवलेली शांतता आणि नियमितपणा हे एक वठवलेले सोंग होते, अशी कबुली येते. ही पत्रे फारसी आणि उर्दू कवींच्या द्विपदींनी ओसंडून वाहतात. उसन्या शब्दांचे प्रमाण पाहायचे तर इतकी उसनवार क्वचितच कोठे आढळेल. तरीही प्रत्येक पान आझादांचे आहे. दुसऱ्याची ओळ स्मरणातून नेमक्या जागी येते, आणि तिच्यामागे जो उभा आहे तो लपून राहत नाही.

पुणतांब्याचे पत्र पाठवले गेले पण लिहिले गेले नाही. किल्ल्यातील पत्रे लिहिली गेली पण पाठवली गेली नाहीत. दोन्ही पत्रे मानली गेली, कारण दोहोंना लिहून देणारा होता. पाठवलेला, वाचला गेलेला आणि तरीही कोणीच लिहून न दिलेला मजकूर ही तिसरी शक्यता आता नित्याची झाली आहे. तिचा निषेध करून ती टळणार नाही, आणि कार्यालयांच्या दारात अडलेल्यांसाठी ती सर्वस्वी टळू नयेही. समीक्षेचे काम एवढेच की मजकुराच्या सुबकपणाने दिपून न जाता दस्तनोंदणीच्या कचेरीतील तो जुना प्रश्न तिने जागा ठेवावा : मजकूर वाचून पाहिला काय, समजला काय, आणि लिहून देणार कोण? ज्या पत्राला या प्रश्नाचे उत्तर नाही, त्यापेक्षा चांगदेवांचा कोरा कागद अधिक बोलका होता.